उशीर झालेली बाई

तूताला उभ्या आयुष्यात कशाला उशीर झाला नव्हता, आणि मस्यू कूर्तादांना नेमकी उशीर झालेली बाई हवी होती.

“हे बघ,” ते म्हणाले, “तू घरातून निघाली आहेस. उशीर झालाय. कोटाच्या एका बाहीत हात गेलाय, दुसरी बाही सापडत नाहीये. टोपी दातात धरलीस तरी माझी हरकत नाही. या कपाटापासून त्या दारापर्यंत जायचं. झालं.”

“आणि थांबायचं कुठं?”

“थांबायचं नाही, बाई! तीच तर गंमत आहे.”

तूतानं मान डोलावली, पण गंमत काही तिला दिसली नाही. सोळा वर्षं ती या स्टुडिओत येत होती, आणि सोळा वर्षांत या माणसानं तिला ‘हलू नकोस’ याखेरीज दुसरं काही सांगितलं नव्हतं. कधी गोडीनं सांगितलं, कधी खेकसून सांगितलं, एकदा तर ब्रश फेकून सांगितलं. सांगणं मात्र तेच.

तिचं बाप्तिस्म्याचं नाव रेस्तितूता. एवढं लांबलचक नाव घ्यायला पॅरिसात कुणाला वेळ नव्हता, म्हणून तूता. रोमच्या दक्षिणेला डोंगरात तिचं गाव. जमिनीत दगड आणि घराघरात देखणी माणसं, एवढंच तिथलं पीक. तेव्हा गावानं काय करावं, तर गाव उठलं आणि पॅरिसला येऊन चित्रकारांपुढे उभं राहिलं. दर सोमवारी सकाळी पिगाल चौकातल्या कारंज्याभोवती ही सगळी मंडळी जमायची. म्हातारे संत, तरणे मेंढपाळ, कडेवर पोर घेतलेल्या मेरी. चित्रकार यायचे, हनुवटी धरून एकेकाचा चेहरा उजेडाकडे वळवायचे आणि आठवड्यापुरता एखादा संत घेऊन जायचे.

या सगळ्यांत तूताची ख्याती वेगळी. ती तीन तास उभी राहायची आणि राहायची म्हणजे राहायचीच. ओहायोहून आलेल्या एका अमेरिकन चित्रकारानं एकदा खिशातलं घड्याळ काढून मोजलं होतं. माशी तिच्या डाव्या पापणीवर बसली, नाक ओलांडून उजव्या गालावर गेली, तिथं निवांत पाय चोळत राहिली, पण बाईची पापणी लवली नाही. तो गृहस्थ ही गोष्ट अजून अमेरिकेत सांगत असतो म्हणे. कारंज्यावर तिला ‘दगडाबाई’ म्हणायचे. तिला त्याचा राग नव्हता. अभिमान होता, आणि तो लपवायची तिला कधी गरज वाटली नाही.

कूर्तादांनी तिला बायबलातली, वाळवंटात हाकलून दिलेली हागार केली होती, आणि त्या हागारवर त्यांना पदक मिळालं. मग ती शत्रूची मुंडी छाटणारी ज्युडिथ झाली, विहिरीवरची रिबेका झाली, मग कुणी एक संत बाई झाली. त्या बाईचं नाव तिला आता आठवत नाही, पण तिच्या हातात तबक होतं आणि ते जड होतं. सगळी चित्रं तपकिरी. डांबरापासून एक गडद रंग करतात. कूर्ताद तो सढळ हातानं वापरायचे, आणि त्यांच्या चित्रातली माणसं करपलेल्या रश्शातून वर आल्यासारखी दिसायची. लोकांना ते फार आवडायचं. त्याला लोक चित्रातली खोली म्हणायचे.

गेल्या उन्हाळ्यात कूर्ताद नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर गेले काय आणि सोललेलं नाक घेऊन परत आले काय, सगळंच फिरलं. आल्या आल्या त्यांनी डांबराच्या बरण्या अंगणात रिकाम्या केल्या. खिडक्यांचे जाड पडदे उतरवून भंगारवाल्याच्या गाडीवर टाकले. “सावली तपकिरी नसते, तूता!” वयाच्या बावन्नाव्या वर्षी धर्म बदललेल्या माणसाच्या आवेशानं ते म्हणाले. “सावली निळी असते. आम्ही सगळे आंधळे होतो, आंधळे!” तूतानं स्वतःच्या दंडाखालची सावली निरखून पाहिली. तिला ती सावलीच्या रंगाची दिसली. पण आपल्या रंगाबद्दल चित्रकाराशी वाद घालायचा नसतो, हे ती कधीच शिकली होती. आजवर ती मेणासारखी पिवळी झाली होती, पावासारखी भाजकी झाली होती, आणि एका दमेकरी आयरिश माणसानं तर तिला सरळ हिरवी करून टाकली होती. निळी तर निळी.

खरं म्हणजे त्या वर्षी अख्ख्या वस्तीलाच चैन नव्हतं. काल सीझर रंगवणारे लोक आज घडीची स्टुलं बगलेत मारून नदीकाठी पळत होते. समोरच्या इमारतीतला एक जण चार महिने फक्त सफरचंदं काढत बसला होता. सफरचंदाला विसावा लागत नाही, शेगडी लागत नाही आणि ते आजारी आईचं पत्र आलं म्हणून गावी जात नाही. तूताच्या नवऱ्याचं, लोरेतोचं, तर दुकानच बसलं. त्याची दाढी बेंबीपर्यंत. आजवर तो मोझेस झाला होता, सेंट पीटर झाला होता आणि मोठ्या चर्चची कामं निघाली की साक्षात देवबाप.

“लोकांना आता देव नको,” लोरेतो म्हणायचा. “होड्या हव्यात. होड्या आणि छत्र्या. सहा दिवसांत अख्खं जग निर्माण केलं मी, आणि एक छत्री धरून उभं राहायला कुणी बोलावत नाही.”

“दाढी काढ, बोलावतील.”

“अगं, दाढी काढल्यावर मी कोण? डोंगरातला एक मेंढीचोर.”

तर बुधवारी सकाळी तूता त्या कपाटापाशी उभी राहिली. कोट कूर्तादांनी कुठूनसा आणलेला, राखाडी, जरा मोठ्या मापाचा. तिनं एक हात बाहीत घातला आणि ती चालायला लागली. दोन पावलं ठीक गेली. तिसऱ्या पावलाला कूर्तादांनी कोळशाची कांडी कागदावर टेकवली. खर्र. तो आवाज कानी पडला मात्र, तूता जागच्या जागी थिजली. एक पाय पुढे, मान जराशी कललेली, नजर दूर क्षितिजावर.

“ही हागार,” कूर्ताद म्हणाले.

“चुकलं. पुन्हा करते.”

खर्र.

“ही रिबेका. घागर तेवढी राहिली.”

“पुन्हा करते, मस्यू.”

“आता ज्युडिथ! अगं, उशीर झालेली बाई आहेस तू, कुणाची मुंडी छाटून निघालेली नाहीस!”

दुपारपर्यंत बायबलातल्या यच्चयावत बाया येऊन गेल्या. तूता घामाघूम झाली. तीन तास न हलता उभं राहून कधी घाम आला नव्हता तिला. चालणं तिला येत होतं, घरून इथवर ती चालतच आली होती. पण तो खर्र आवाज झाला की तिचं अंग तिचं राहायचंच नाही. ते कूर्तादांचं होऊन जायचं.

आणि नेमकी तेव्हा मिंका आली.

मिंका तिची मुलगी, सोळा वर्षांची. सँ-दनी रस्त्यावरच्या कापडी फुलांच्या कारखान्यात ती पाकळ्यांना तार लावायची. ती जागा मिळवण्यासाठी तूतानं दोन वर्षं मालकिणीच्या पायऱ्या झिजवल्या होत्या, कारण मालकीण इटालियन पोरींना घेत नव्हती. आणि मालकिणीचा खाक्या असा, की एकदा काम सोडून गेलेल्या मुलीला ती पुन्हा दारात उभी करत नसे, मग ती रडो की नाक घासो. घराची किल्ली आईकडे राहिली म्हणून मिंका खाण्याच्या सुट्टीत धावत आली होती. आली ती एका पायावर उभी राहिली, दुसऱ्या पायानं पोटरी खाजवली, केसांत हात घातला, ओल्या चित्राला बोट लावून पाहिलं, ते बोट परकराला पुसलं, खिडकीतून खाली डोकावली, परत आली, ब्रेडचा तुकडा तोंडात टाकला आणि भरल्या तोंडानं बोलायला लागली.

“मा, किल्ली दे ना. ताता बाहेर गेलेत, दार बंद आहे. हे काय, तू अशी का उभी आहेस? कुणाची वाट बघतेस?”

खर्र, खर्र, खर्र. तूतानं वळून पाहिलं. कूर्तादांचा हात वेड्यासारखा चालला होता. पाव तासात पाच कागद भरले.

“ही कोण?” मिंका गेल्यावर त्यांनी विचारलं.

“माझी मुलगी.”

“हिला पाठव उद्यापासून.”

“नाही, मस्यू.”

“का नाही?”

का नाही ते तूता सांगू शकली असती. मिंका चार वर्षांची असताना तिला पंख लावून देवदूत म्हणून उभं केलं होतं. तासाभरात तिनं दोन्ही पंख मोडले आणि शेजारच्या देवदूताचा चावा घेतला. किती चिमटे काढले, किती फटके दिले, पोर हलायची ती हलायचीच. शेवटी तूतानं नाद सोडला, आणि मग त्याचंच तिनं व्रत करून टाकलं की आपली मुलगी मॉडेलच्या या लाकडी ओट्यावर चढणार नाही. मागच्या वर्षी कारंज्यावरच्या दोन पोरी पोट घेऊन गावी परतल्या होत्या. तूताच्या स्वतःच्या पोटऱ्यांत शिरांच्या गाठी झाल्या होत्या. मिंकानं बसून काम करावं, पाकळ्यांना तारा लावाव्यात, एखाद्या भल्या सुताराशी लग्न करावं. हे सगळं खरं होतं. पण कूर्तादांचा हात मिंकासाठी जसा पळाला तसा आपल्यासाठी सोळा वर्षांत पळाला नव्हता, हेही तिनं पाहिलं होतं, आणि तिच्या पोटात जे काही तुटलं ते आईचं तुटणं नव्हतं.

“मी करते ना,” ती म्हणाली. “मला शनिवारपर्यंत द्या.”

“शनिवारपर्यंत,” कूर्ताद म्हणाले. “मेच्या प्रदर्शनाला चित्र द्यायचंय मला.”

घरी तिनं सराव सुरू केला. खोली ती केवढी, खाटेपासून चुलीपर्यंत पाच पावलं. लोरेतो दाढी विंचरत बसून बघत होता.

“तूता, दूध उतू चाललंय का?”

“गप्प बस. मला उशीर झालाय.”

“तुला? गेल्या वर्षी भूकंपाची आवई उठली, अख्खी गल्ली खाली धावली, तेव्हा तू केस विंचरून, दार लावून, किल्ली दोनदा बघून आलीस. तुला काय कळणार उशीर!”

मिंका हसून हसून खाटेवर लोळली. मग उठून म्हणाली, “मा, असं नाही गं. हे बघ,” आणि ती निघाली. शाल ओढली, ती खुर्चीला अडकली, शालीवर चिडली, अर्ध्या वाटेत काहीतरी आठवून परत वळली, आणि पुन्हा दाराकडे. बघणाऱ्याला धाप लागावी असं ते सगळं. तूतानं लक्ष देऊन पाहिलं. नंतर तिनं ते जसंच्या तसं करून दाखवलं, वळणं, चिडणं, सगळं. लोरेतोनं मान हलवली.

“अगदी बरोबर आहे,” तो म्हणाला. “म्हणूनच चुकतंय.”

मिंकाला आईची कीव आली असावी. की दुसरंच काही मनात होतं तिच्या? ती नख खात खिडकीशी उभी राहिली आणि म्हणाली, “त्यांनी माझे पाच कागद काढले ना, मा? पाच?” तूता पुन्हा खाटेपासून चालायला लागली.

गुरुवारी तूतानं कानात कापूस घातला. तो खर्र आवाजच ऐकू आला नाही तर अंग थिजेल कशाला, असा तिचा हिशोब. पण कापूस कानांत होता, डोळ्यांत नव्हता. डोळ्याच्या कोपऱ्यातून तिला कूर्तादांचं कोपर हललेलं दिसलं आणि झालं, जड तबकवाली संत बाई उभी राहिली. त्यातून कूर्ताद काय ओरडतायत ते कळेना, आणि “कापूस काढ!” हे त्यांना तीनदा ओरडावं लागलं.

शनिवारी सकाळी ती आली ती आदल्या रात्री न झोपता आली होती. तासभर प्रयत्न झाले. हागारसुद्धा नीट होईना. अखेर कूर्तादांनी कोळसा खाली ठेवला आणि ते शेगडीपाशी जाऊन हात शेकत उभे राहिले. चिडले असते तर बरं झालं असतं. ते मऊ आवाजात बोलले.

“बस, तूता. तुझा दोष नाही यात. तुझ्यासारखी मॉडेल पॅरिसात दुसरी नाही, पण तू ज्या चित्रांची आहेस ती चित्रं मी आता काढत नाही.”

“आजचा दिवस पुरा होऊ द्या.”

“काय उपयोग? सोमवारी मुलगी येणारच आहे.”

“कुठली मुलगी?”

कूर्तादांनी शेगडीकडे पाहिलं. “मी काल कारखान्याच्या फाटकाशी भेटलो तिला. हो म्हणाली. अगदी आनंदानं हो म्हणाली. आज बाराच्या सुट्टीत मालकिणीला सांगून मोकळी होणार आहे. मला वाटलं, घरी बोलली असेल.”

तूताचं डोकं असं फिरलं, की फ्रेंच शब्द तोंडातून पळालेच आणि डोंगरातली गावठी बोली बाहेर पडली.

“फाटकाशी? माझ्या पोरीला फाटकाशी गाठलंत? चोरासारखं? किती वाजले? किती वाजले ते बोला की!”

साडेदहा वाजले होते. सँ-दनीचा रस्ता धावत गेलं तर अर्ध्या तासाचा. बाराच्या आत पोचलं, मिंकाचा दंड धरला, मालकिणीसमोर एक शब्द निघायच्या आधी तिला बाहेर ओढलं, तर जागा वाचेल. तूतानं हाताला लागला तो कोट ओढला. तो आपला नाही, चित्रातला आहे, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. एक हात बाहीत गेला, दुसरी बाही पाठीमागे कुठंतरी लोंबत राहिली. ती हात मागे फिरवत, शिव्या देत, कूर्तादांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत दाराकडे निघाली. टोपी घ्यायला मध्येच वळली, टोपी सोडून दिली, पुन्हा दाराकडे वळली, तोंड उघडं, मान ताणलेली—

“थांब!”

आणि ती थांबली.

पहिला क्षण सवयीचा होता. त्याबद्दल कुणी तिला बोल लावू नये. सोळा वर्षं ज्या शब्दावर अंग थिजत आलं, त्या शब्दावर ते थिजलं. पण सवय एका क्षणाला पुरते. पुढचे अडीच तास तिचे स्वतःचे होते.

निघायचं तिनं ठरवलं होतं. पाय उचलायचा, दोन पावलांवर दार. तेवढ्यात तिला कोळसा ऐकू आला. चित्रकाराकडे न बघता वर्षानुवर्षं उभ्या राहणाऱ्या बाईला चित्र कसं चाललंय ते कानांनीच कळतं. गेले तीन दिवस तो आवाज अडखळत होता, थांबत होता, पुसत होता. आता तो सलग चालला होता. कूर्ताद ओरडत नव्हते, खाकरत नव्हते, त्यांचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता. त्यांना सापडलं होतं. आणि ते तिच्यात सापडलं होतं.

पाव तास, तूतानं स्वतःला सांगितलं. पावणेअकराला निघालं तरी पोचते. मग सव्वाअकराला निघालं तरी धावत पोचते. मग तिनं स्वतःला काही सांगणं सोडून दिलं. मागे गेलेल्या हाताला मुंग्या आल्या, खांदा जळायला लागला. ती दुखणी तिच्या ओळखीची होती. नवीन होतं ते वेगळंच. राग अंगात तासभर टिकत नाही, चेहरा ढिला पडायला लागतो. तो पडू लागला की ती मुद्दाम मिंकाला डोळ्यांसमोर आणायची. मिंका मालकिणीपुढे उभी आहे, एका पायावर. मिंका तोंड उघडते आहे. मग तूताच्या मानेची शीर पुन्हा ताठ व्हायची, आणि बाजूला कोळसा खूश होऊन चालायचा.

खालच्या चर्चचे बारा ठोके पडले. तिनं ते बाराही मोजले आणि ती हलली नाही.

एक वाजून गेल्यावर कूर्ताद म्हणाले, “बघ.”

तिनं हात खाली घेतला, तो लगेच आला नाही, दुसऱ्या हातानं आणावा लागला. मग तिनं कागद पाहिला. काळ्या रेघांची एक बाई दारातून फुटून बाहेर पडत होती. ती सुंदर नव्हती. पस्तिशीची, जबडा पुढे काढलेली, कोटात अडकलेली, डोळ्यांत भीती. ती हागार नव्हती, ज्युडिथ नव्हती. इतक्या वर्षांत इतक्या चित्रांत उभी राहून तूतानं स्वतःला पहिल्यांदा पाहिलं.

“लोक म्हणतील, एका निमिषात पकडली,” कूर्ताद म्हणाले. त्यांचे डोळे ओले होते. “सोमवारी आठला ये. मोठा कॅनव्हास लावतो. असंच उभं राहायचं, महिनाभर. राहशील?”

“राहीन.”

“मग मुलीची गरज नाही. सांग तिला.”

घरचा रस्ता लांब होता. पूल ओलांडेपर्यंत तूता आनंदात होती, हे लपवण्यात अर्थ नाही. वाटेत तिनं भाजलेले चेस्टनट घेतले, एक सोलून तोंडात टाकला आणि भर रस्त्यात एकटीच हसली. पूल ओलांडल्यावर मात्र तिची पावलं जड झाली, आणि आपल्या गल्लीच्या तोंडाशी ती बराच वेळ एका बेकरीच्या काचेत बघत उभी राहिली.

मिंका घरी होती. तिनं केसांना नवी रिबीन बांधली होती, आणि ती खाटेभोवती फिरत बापाला सांगत होती, “आणि मी म्हटलं, बाईसाहेब, तुमच्या तारा तुम्हीच लावा! तोंड बघायला हवं होतं तिचं!” आई दारात दिसताच ती थांबली. “मा, ओरडू नकोस. आधी ऐकून घे.”

“मला माहीत आहे,” तूता म्हणाली. चेस्टनटचा पुडा तिनं टेबलावर ठेवला. “मिंका, त्यांना तू नकोस. सोमवारी जाऊ नकोस. त्यांना माझ्यात मिळालं.”

“तुझ्यात? तू हललीस?”

मग तूतानं सगळं सांगितलं. सांगताना ती काही गाळत नव्हती, आणि लोरेतो दाढीत बोटं घालून बसला होता.

“म्हणजे तू मला अडवायला निघाली होतीस,” मिंका म्हणाली.

“हो.”

“साडेदहाला.”

“हो.”

“आणि ते ‘थांब’ म्हणाले.”

“अगं, सवय असते,” लोरेतो मध्येच म्हणाला. “मला कुणी ‘हात वर’ म्हटलं तर मी अजून मोझेससारखा समुद्र दुभंगतो—”

“ताता, तुम्ही मध्ये पडू नका. मा, बारा वाजलेले ऐकू आले तुला?”

“आले.”

“मग का नाही आलीस?”

खोटं सोपं होतं, लोरेतोनं ते हातात आणूनही दिलं होतं. पण तूताला ते घेववेना. त्या कागदावरची बाई खोटी नव्हती, आणि तिच्यासाठी जे झालं त्याला आता खोटं लावणं तिला नकोसं वाटलं.

“चित्र चांगलं होत होतं,” ती म्हणाली.

मिंका हसली. मग हसता हसता तिचं तोंड वाकडं झालं, आणि ती लहानपणी पंख मोडल्यावर रडली होती तशी भोकाड पसरून रडली. लोरेतोनं तिला जवळ घ्यायला हात पुढे केला, तो तिनं झटकला. तूताला उठून तिच्याजवळ जायचं होतं. आपण गेलो तर ती आपलाही हात झटकेल, ही भीती तिला वाटली, आणि ती जागेवरच राहिली. याबद्दल तिनं पुढे कितीतरी वर्षं स्वतःला माफ केलं नाही.

थोड्या वेळानं मिंकानं बाहीला नाक पुसलं.

“फुलांच्या कारखान्यात आता कुणी घेणार नाही मला. सोमवारी मी कारंज्यावर जाते,” ती म्हणाली. “त्यांनी नाही घेतलं तर दुसरं कुणी घेईल. तिथं तू मला ओळख दाखवू नकोस.”

तूताच्या ओठांवर पोटऱ्यांच्या गाठी आल्या, त्या दोन पोरी आल्या, सुतार आला. पण यातलं काही आता तिच्या तोंडी शोभणारं नव्हतं. तिच्याजवळ पोरीला देण्याजोगं एकच काही उरलं होतं, आणि ते तिनं दिलं.

“औषधाच्या दुकानाच्या बाजूला उभी राहू नकोस,” ती म्हणाली. “सकाळचं ऊन थेट डोळ्यांवर येतं, डोळे बारीक दिसतात. पलीकडे उभी राहा, झाडाच्या बाजूला. वजन डाव्या पायावर ठेव, म्हणजे दमायला होत नाही.”

मिंकानं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत आता राग नव्हता, आणि तेच तूताला सोसवेना.

“मी उभी राहणारच नाहीये, मा,” ती म्हणाली.